कादंबरीचे नाव, चित्रपटाचे नाव

पुण्यात कादंबरीवरचा चित्रपट पाहायला गेले की मध्यंतरात, चहाच्या रांगेत, कोणीतरी हमखास म्हणते, "पुस्तकाची सर नाही हो." मीही हे वाक्य पुष्कळ वेळा उच्चारले आहे आणि त्यातल्या निम्म्या वेळा पुस्तक वाचलेले नव्हते, हे आज या व्यासपीठावरून कबूल करतो. तेव्हा मूळ कृतीशी प्रामाणिक कोण राहिले याचा निवाडा मी करणार नाही. मला आवडलेल्या तीन-चार चित्रपटांकडे मी एका अगदी लहान वाटेने, म्हणजे त्यांच्या नावांवरून, जाणार आहे.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. प्रभात फिल्म कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्याला आली, आणि आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवारात 1937 साली व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' केला. त्याची मूळ कादंबरी नारायण हरी आपट्यांची, आणि तिचे नाव 'न पटणारी गोष्ट'. हे नाव म्हणजे एक मत आहे. म्हाताऱ्या विधुराने कोवळ्या मुलीशी लग्न लावावे हे लेखकाला पटत नाही, आणि ते तो मुखपृष्ठावरच सांगून टाकतो. कादंबरीला हे शोभते, कारण तिच्यात मत मांडायला ऐसपैस जागा असते. पडद्यावर मात्र मत दिसत नाही, कपाळावरचे कुंकू दिसते. त्या लग्नातली कोवळी मुलगी नीरा ते लावते म्हणजे नेमके काय मान्य करते आणि काय नाही, हा सगळा झगडा त्या बोटभर लाल ठिपक्यात येऊन बसला. गंमत अशी की याच चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीला 'दुनिया न माने' हे नाव दिले गेले, म्हणजे गाडी पुन्हा मतावर आली. मला मराठी नाव कितीतरी उजवे वाटते.

वस्तूवर भिस्त ठेवण्याची ही रीत 'कुंकू'मध्ये नावापुरती राहिलेली नाही. या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. जे ऐकू येते ते त्या घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. त्यामुळे त्या म्हाताऱ्या विधुराच्या, म्हणजे काकासाहेबांच्या, घरातले लंबकाचे घड्याळ निव्वळ शोभेचे राहत नाही. काकासाहेब झालेले केशवराव दाते खोलीत एकटे असतात, बोलत काहीच नाहीत, आणि ते घड्याळ मात्र त्यांचे वय मोजत राहते. लेखकाला ज्यासाठी परिच्छेद खर्चावा लागला असता ते इथे टिकटिकीने भागते. (काकासाहेबांच्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत, म्हणजे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या रँग्लर परांजप्यांची कन्या. ती बापाला खडसावते तेव्हा त्या काळच्या पुणेकर प्रेक्षकाला काय वाटले असेल, याची कल्पना आपण येथे बसलेले लोक सहज करू शकतो.)

पंचेचाळीस वर्षांनी हाच प्रकार पुन्हा घडला. शांता निसळ यांच्या कादंबरीचे नाव 'बेघर', आणि तिच्यावरून जब्बार पटेल यांनी 1982 साली केलेला चित्रपट 'उंबरठा'. बेघर ही एक अवस्था आहे, तिच्यात बाई निराधार ठरते. उंबरठा मात्र ओलांडता येतो, बाहेरून आत आणि आतून बाहेरही. स्मिता पाटील यांची सुलभा नोकरीसाठी घर सोडून जाते, परत येते, आणि घर आपले उरलेले नाही हे उमगल्यावर पुन्हा निघते. तेव्हा आपण तिला बिचारी म्हणत नाही, आणि याचे थोडे श्रेय मी त्या नावाला देतो.

'सिंहासन'बद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ बोलले गेले आहे. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत आणल्या, आणि दोन नावांपैकी जे डोळ्यांना दिसते तेच 1979 च्या चित्रपटाने घेतले. त्यातला निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस मला सर्वांत जवळचा. बेरकी सरपंच म्हणून घराघरात पोचलेला हा नट इथे बहुतेक वेळ दुसऱ्याचे ऐकून घेतो, आणि ऐकता ऐकताच शेवटी त्याचा तोल जातो.

कादंबरीच्या नावात मत किंवा अवस्था असते आणि चित्रपट मात्र डोळ्यांना दिसणारे नाव घेतो, या माझ्या उपपत्तीला न जुमानणारे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' आणि सुजय डहाके यांचा 'शाळा', दोन्हींचे नाव एकच. इथे बदलायला काही नव्हतेच. अडचण निराळी होती. नववीतला मुकुंद जोशी कादंबरी स्वतः सांगतो, आणि अर्धी मौज त्याच्या मनातल्या बोलीची आहे. चित्रपटात आपण त्याच्या मनातून बाहेर येतो आणि त्याच्याकडे पाहू लागतो. त्याला आवडणाऱ्या वर्गातल्या शिरोडकरकडे पाहणारा त्याचा चेहरा गोड आहे, चित्रपटही मला आवडतो. पण कादंबरीतला त्याचा 'इचिभना' हा पालुपदासारखा उद्गार फक्त आपल्याच कानात पुटपुटलेला असतो, आणि पडद्यावर उच्चारलेला शब्द शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही ऐकू जातो.