फिल्म संपली की लगेच दिवे लावू नका

मित्रहो, शिक्षकांच्या एका तक्रारीपासूनच सुरुवात करते. 'मूल्यांवर बोलतं करायला आम्ही चांगली शॉर्ट फिल्म दाखवतो, मुलं मन लावून बघतात, पण नंतर तोंडच उघडत नाहीत.' मी विचारते, फिल्म संपल्यावर तुमचं पहिलं वाक्य काय होतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, 'मुलांनो, यातून आपण काय शिकलो?'

वर्ग गप्प होतो तो तिथेच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना उपदेशाचा वास लांबूनच येतो. उत्तर बाईंकडे तयार आहे, आपण फक्त ते ओळखायचं, हे त्यांना कळून चुकतं. मग कुणीतरी 'प्रामाणिकपणा' म्हणतं, आपण 'शाब्बास' म्हणतो आणि तास संपतो. विचार कुणीच केलेला नसतो, आपणही नाही.

सत्यजित राय यांनी १९६४ साली 'टू' नावाची छोटी फिल्म केली. साधारण १२ मिनिटांची, एकही संवाद नाही. मोठ्या घरातला मुलगा खिडकीत आहे आणि बाहेर झोपडीतला मुलगा बासरी वाजवतोय. घरातला आपली खेळण्यातली तुतारी काढतो, तर बाहेरचा ढोलकं घेऊन येतो. एकावर एक कुरघोडी सुरू होते. शेवटी बाहेरचा पतंग उडवतो. घरातला गलोलीने नेम धरून बघतो, ते साधत नाही, तेव्हा छऱ्यांची बंदूक काढून पतंग पाडतो.

ही फिल्म मी अनेक वर्गांत दाखवली आहे. संपल्यावर मी एकच विचारते, 'काय दिसलं?' काय वाटलं, कोण चुकलं, हे नंतर. दिसलेलं सांगायला कुणाला भीती वाटत नाही, त्यात चूक-बरोबर नसतं. एका वर्गात दहा मिनिटं सगळे एका सुरात घरातल्या मुलाला दोष देत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरचा, एरवी कधीच न बोलणारा एक मुलगा म्हणाला, 'त्या एवढ्या घरात त्याच्याशिवाय कुणीच नाहीये.'

वर्गाचे दोन तट पडले. 'एकटा आहे म्हणून दुसऱ्याचा पतंग फाडायचा?' 'अगं, एकटा आहे म्हणूनच फाडला!' 'मग बंदूक कुणी आणून दिली त्याला?' खरं सांगते, तोवर इतक्यांदा फिल्म बघूनही त्या रिकाम्या घराकडे माझं नीट लक्ष गेलं नव्हतं. त्या दिवशी मी जवळजवळ काहीच बोलले नाही आणि तो माझा सर्वांत चांगला तास होता.

गप्प राहणं अवघड असतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबले, तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. मूल्यांच्या प्रश्नाला तर मी मनातल्या मनात दहा आकडे मोजते. सहा-सातवर जीव कासावीस होतो, पण कुणीतरी बोलतंच.

फिल्म कुठे थांबवायची, हेही ठरवून जा. इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामी यांची १९७५ सालची जेमतेम पाच मिनिटांची एक फिल्म आहे. मित्राकडून वही परत येते ती फाटलेली. पुढे काय, याची दोन उत्तरं ते दाखवतात : एकात सूड आणि नासधूस, दुसऱ्यात डिंक लावून वही चिकटवणं. मी वही फाटलेली दिसली की फिल्म थांबवते आणि विचारते, आता? तिसरी, चौथी, पाचवी उत्तरं येतात. मग उरलेली फिल्म लावली की डिंक बघून हमखास कुरकुर होते, 'एवढं सोपं नसतं हो बाई.' ती कुरकुर दडपू नका. सोपं का नसतं? आधी माफी मागायची तर कुणी? उरलेला सगळा वेळ मी यावरच घालवते.

एक पथ्य मात्र कडक पाळा. 'तुझ्या बाबतीत असं झालंय का?' हे वर्गात कधीही विचारू नका. पडद्यावरच्या पात्राच्या आडून मूल मोकळं बोलतं, ती आड आपण काढून घ्यायची नाही. एखाद्याने स्वतःहून घरातलं काही सांगितलं, तर त्यावर चर्चा नको. ऐकून घ्या आणि नंतर एकट्याला भेटा.

तास संपताना मी बिननावाच्या चिठ्ठ्या मागते. 'टू' दाखवली त्या दिवशी एका चिठ्ठीत इतकंच होतं : 'खिडकीतला मुलगा मी आहे.' अक्षर कुणाचं, ते मी वह्यांशी ताडून पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात तीच फिल्म पुन्हा लावली आणि शेवटी विचारलं, त्या घराचं दार उघडून तो मुलगा बाहेर का आला नसेल?