दोन किलोडाल्टनचा फरक

[दृश्य: जेलमधून निळा रंग खाली उतरतोय]

जेलमधून वीज सोडून प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करतात; सोबतचा निळा रंग तळाशी पोचला की एरवी वीज बंद करतात. इथे करायची नाही. रंग बाहेर पडला तरी जेल चालू ठेवायचं, कारण वेगळी करायची आहेत ती दोन प्रथिनं जेमतेम दोन किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) अंतरावर आहेत. केंद्रकाला आतून आधार देणारं लॅमिन ए सुमारे ७२ वर, आणि त्याचं कच्चं रूप, प्रीलॅमिन ए, ७४ च्या आसपास. त्यासाठी ८ टक्क्यांचं जेल बरं. जेल घट्ट घेतलं, घाई केली, की दोन्ही पट्टे एकात मिसळतात आणि कच्चं रूप साठण्याचा दोष असूनही दिसत नाही.

[दृश्य: पडद्यावर फिरणारी रेणूची रचना]

कच्चं रूप कापून हा फरक घडवणारं एन्झाइम म्हणजे झेडएमपीएसटीई-२४. त्याचं जनुक पहिल्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे. प्रथिन ४७५ अमिनो आम्लांचं, केंद्रकाच्या आतल्या पटलात आणि अंतर्द्रव्यजालिकेत रुतलेलं. २०१३ मध्ये त्याची रचना उलगडली: पटलाच्या आरपार सात सर्पिलं, मधे पिंपासारखी मोठी पोकळी, आणि पोकळीच्या आत जस्ताचा अणू. कापणी होते ती त्या जस्तापाशी.

प्रीलॅमिन ए ६६४ अमिनो आम्लांचं असतं. शेवटून चौथ्या सिस्टीनला फार्नेसिल ही मेदाची शेपटी जोडली जाते. टोकाची तीन अमिनो आम्लं तुटतात. उघड्या पडलेल्या सिस्टीनवर मिथाइल गट बसतो. मग हे एन्झाइम ६४६ व्या टायरोसीननंतर काप घेतं आणि १५ अमिनो आम्लं शेपटीसकट गळतात. आधीची तीन तोडायला आरसीई-१ हे एन्झाइमही चालतं. या शेवटच्या कापाला मात्र दुसरं कुणी नाही.

[दृश्य: बशीतल्या पेशी खरवडून नळीत घेताना]

या पेशी त्वचेच्या आहेत. रक्ताच्या घेऊन भागत नाही, लिंफोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये लॅमिन ए फारच कमी. सौम्य डिटर्जंट वापरला तर लॅमिन गाळातच राहतं आणि गाळाबरोबर फेकलं जातं; म्हणून एसडीएस हा कडक डिटर्जंट, डीएनएचा चिकटपणा मोडायला ध्वनिलहरी, मग ९५ अंशांवर उकळणं.

एन्झाइम स्वतः पाहायचं असेल तर नमुना वेगळा ठेवायचा आणि उकळायचा नाही. पटलातलं प्रथिन उकळलं की गोळा होतं आणि जेलच्या खाचेतच अडकतं. ६५ अंश पुरे. क्रियाशीलता मोजायची असल्यास ईडीटीए हे रसायन टाळायचं, ते जस्त पकडतं.

[दृश्य: काळ्या पडद्यावर पट्टे उमटतात]

डावीकडच्या पेशी निरोगी आहेत, पण त्यांना लोपिनाव्हिर दिलंय. एचआयव्हीवरचं हे औषध याच एन्झाइमला अडवतं, म्हणून तुलनेसाठी सोयीचं. डारुनाव्हिर या एचआयव्हीवरच्याच दुसऱ्या औषधाने हे घडत नाही.

७४ चा पट्टा दिसला म्हणून एन्झाइमच दोषी, असं नव्हे. फार्नेसिल लागूच दिलं नाही तरी तो पट्टा येतो, कारण शेपटीशिवाय एन्झाइम कापत नाही. तेव्हा पेशींना कोणतं औषध दिलं होतं हे आधी विचारावं. डीएनएच्या अहवालावर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असतो तिथे मात्र ही तपासणी व्हायलाच हवी. क्रम वाचून काप होतो की नाही हे कळत नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकं, काही गोल, काही फुगवटे आलेली]

प्रोजेरियात, म्हणजे मुलांना अकाली म्हातारपण आणणाऱ्या आजारात, एन्झाइम शाबूत असतं. लॅमिनमधलाच ५० अमिनो आम्लांचा तुकडा, कापाच्या जागेसकट, गायब असतो. एन्झाइमचं काम थोडं उरलं तर मँडिब्युलोअॅक्रल डिसप्लेशिया, म्हणजे जबडा आणि बोटांच्या टोकांची हाडं झिजवणारा आजार. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती पूर्ण निकामी असल्या तर ताठर, घट्ट कातडीची बाळं जन्मतात. फार्नेसिल रोखणाऱ्या लोनाफार्निब या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली, त्यात या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बदल असलेले रुग्णही येतात. वयाची अट किमान १२ महिने. ही बाळं बहुधा काही आठवड्यांतच दगावतात.