मुलांच्या मेंदूतल्या गाठी : वाढलं काय, घटलं काय

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या मध्यावर मुलांच्या मेंदूतल्या गाठींची नोंद एकाएकी वाढली. घबराट पसरावी असेच ते आकडे होते. पण ही वाढ नेमकी एमआरआय यंत्रं रुग्णालयांत आली त्याच सुमारास झाली होती, आणि मृत्यूंचं प्रमाण त्यासोबत वाढलं नव्हतं. अभ्यासकांच्या मते आधी नजरेतून सुटणाऱ्या गाठी आता दिसू लागल्या होत्या.

दुसरा आकडा मात्र खरंच अस्वस्थ करणारा आहे. तिथे 1999 साली कर्करोगाने दगावणाऱ्या मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग पहिला होता. 2014 पर्यंत ती जागा मेंदूच्या कर्करोगाने घेतली. रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार झपाट्याने सुधारले, मेंदूचे तेवढे नाहीत.

अर्थात, सगळ्या गाठी सारख्या नसतात. पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा ही हळू वाढणारी गाठ. तिच्यात शंभरातली नव्वदहून अधिक मुलं पाच वर्षांनंतरही हयात असतात. छोट्या मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमात, पूर्ण उपचार मिळाले तर, सत्तरच्या आसपास. आणि डीआयपीजी? मेंदूच्या देठात पसरणारी ही गाठ काढताच येत नाही. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांची चिमुकली कॅरन 1962 मध्ये हिनेच गेली. तिला किरणोपचार दिले होते. आजही मुख्य आधार किरणोपचारांचाच, आणि बहुतेक मुलं वर्षभरातच जातात. साठ वर्षं उलटली, तरी हे असंच आहे, हे मला सहन होत नाही.

आपल्याकडे मुंबईत टाटा रुग्णालयात उपचार होतात, खारघरच्या त्यांच्या केंद्रात आता प्रोटॉन किरणोपचारही आहेत, म्हणजे गाठीभोवतीच्या निरोगी भागाला कमी इजा करणारे. पण मूल तिथवर वेळेत पोचायला हवं ना! सकाळी उठल्या उठल्या उलटी झाली की घरात म्हणतात, पित्त झालंय. डोकं दुखलं की चष्म्याचा नंबर. ब्रिटनमध्ये 2011 साली ‘हेडस्मार्ट’ मोहिमेने पालकांना आणि डॉक्टरांना लक्षणं समजावून सांगितली. पूर्वी निदानाला साधारण चौदा आठवडे लागत, ते सातच्या आत आले. प्रत्येक जीव त्याने वाचतो असं नाही, पण गाठीच्या दाबाने जाणारी दृष्टी वाचू शकते.

म्हणून आई-बाबांनो, सकाळची उलटी दोन आठवडे टिकली, डोकेदुखी महिनाभर परत परत येत राहिली, मूल अचानक तिरळं पाहू लागलं किंवा चालताना झोकांड्या देऊ लागलं, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा : मेंदूत काही नाही ना? डोळ्याचा पडदा तपासून घ्या. डोक्यातल्या वाढलेल्या दाबाची खूण बऱ्याचदा तिथेच दिसते, आणि ही तपासणी काही मिनिटांत होते.