नववा घाणा

(कढई, जवळून)

गोव्यातलं फोंडा, संध्याकाळचे सहा. गाड्यावर बल्ब लागलाय आणि कढईत मिरच्यांचा पहिला घाणा पडतोय.

"दोन मिरची, चार पाव दी रे!" गिऱ्हाईक ऑफिसातून थेट आलंय, बॅग अजून खांद्यावर.

आपण मिरची सोडून तेलाकडे बघू. आत्ता ते इतकं नितळ आहे की कढईचा तळ दिसतो.

आणि हा नववा घाणा. तळ गायब.

मिरचीत पाणी, फ्लॉवरात तर त्याहून जास्त. साधारण 180 अंशांच्या तेलात त्याची वाफ होऊन उसळते. हा चर्रर्र आवाज तिचाच. ही वाफ, वरची हवा आणि खालची आच मिळून तेल फोडत राहतात. सुटलेलं पीठ तळाशी जळतं. तेल दाट होतं, फेस धरतं, आणि सुरुवातीपेक्षा कमी आचेवरच धुरायला लागतं. बघा, आत्ताच धुरलं.

मोडलेलं तेल मोजायला माप आहे: टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल मोडून तयार झालेल्या पदार्थांचा तेलातला वाटा. 1 जुलै 2018 पासून देशात त्याची मर्यादा 25 टक्के; त्यापुढे ते तेल तळायला वापरायचं नाही. मोजायचं यंत्र हातात मावतं. इथे मात्र भजीवाल्याचं नाक हेच यंत्र.

(गोबीचा गाडा)

शेजारी गोबी मंच्युरियन. हा लाल रंग कॅमेऱ्यालाही मोहात पाडतो. 2022 मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहात आणि 2024 मध्ये म्हापशात गोबीच्या गाड्यांवर बंदी आली. बोललं गेलं ते मुख्यतः रंगाबद्दल, अस्वच्छतेबद्दल. तेल त्या गलक्यात सहीसलामत सुटलं.

रोजच्या तळणाने वजन आणि कोलेस्टेरॉल वाढतं, हृदयाला धोका होतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं, 26.4 टक्के. सगळं खापर भजीवर फोडता येणार नाही, पण तिला वगळताही येणार नाही.

(रात्र)

साडेनऊ. पाव संपले. तेल फडक्यातून डब्यात गाळलं जातंय. फडक्यावर काळा चुरा राहतो, कॉफीच्या गाळासारखा. वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करायची 'रुको' योजना 2018 सालीच आली. हा डबा गाड्याखाली जातो. उद्या संध्याकाळी त्यात नव्या तेलाची एक पिशवी ओतली जाईल.