फिलर

(दृश्य: मुंबईतलं एक नाट्यगृह, विंगेतून. ऑर्केस्ट्राची तयारी. कुणीतरी माइकवर ‘हॅलो, चेक, चेक’ करतंय.)

ऑर्केस्ट्रात एक जागा असते, तिचं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत कधी येत नाही. गायिका साडी बदलायला आत गेली, की-बोर्डची वायर निघाली, प्रमुख पाहुणे अजून ट्रॅफिकमध्येच आहेत, अशा वेळी कुणीतरी पुढे यायचं आणि दहा मिनिटं काढून द्यायची. धंद्यात याला फिलर म्हणतात. मिमिक्रीवाला. लोक चहाला उठतात ते नेमके याच वेळी. उठलेल्या माणसाला परत खुर्चीत बसवायचं, हे त्याचं काम.

(दृश्य: कानपूर सेंट्रल. लाल-पांढरी इमारत, सायकलरिक्षा, सकाळचं धुकं.)

ऐंशीच्या दशकात सत्यप्रकाश श्रीवास्तव नावाचा मुलगा इथून मुंबईला आला. पुढे हास्यकलाकार म्हणून गाजलेला राजू श्रीवास्तव. वडील रमेशचंद्र कविसंमेलनांत ‘बलई काका’ म्हणून ओळखले जायचे. त्यामुळे माइकसमोर उभं राहून चार लोकांना हसवणं ही काय चीज असते, ते मुलानं घरातच पाहिलं होतं. अमिताभची नक्कल तर हुकमी. चेहराही थोडा त्या वळणाचा. पण मुंबईत तेव्हा अमिताभचा आवाज काढणारे गल्लोगल्ली होते.

(दृश्य: एडिटिंग टेबल. स्क्रीनवर जुनं फुटेज मागेपुढे होतंय.)

‘तेजाब’ १९८८, ‘मैंने प्यार किया’ १९८९, ‘बाझीगर’ १९९३. तिन्ही तुफान चालले, तिन्हींत तो आहे. पण इतका थोडा वेळ, की तो दिसावा म्हणून पॉजवर बोट ठेवूनच बसावं लागतं. मग ‘शक्तिमान’मधला पत्रकार धुरंधर सिंग. तो मात्र त्या वेळच्या पोरांना आजही आठवतो.

(दृश्य: ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’, टीव्हीवरची विनोदाची स्पर्धा, २००५. आधी आवाज बंद.)

आता मुद्दाम आवाज बंद ठेवलाय. बघा.

माणूस एकटा. खांदे आत ओढलेले, हनुवटी वर, एक हात डोक्यावरच्या कडीला. कडी नाहीये. पण मुंबईकराला लोकलचा डबा लगेच दिसतो. आता तो मान वळवतो, कमरेतून जरा वाकतो, आणि तो दुसराच प्रवासी झाला. मध्ये पाव सेकंदाची जागा सोडलीय. पहिला माणूस आपल्या डोळ्यांसमोरून पुसला जावा, एवढीच.

(दृश्य: तीच क्लिप, आवाजासह.)

याला सरसकट मिमिक्री म्हणून सोडून देतात, ते आम्हाला पटत नाही. नकलाकार आधीच प्रसिद्ध असलेला आवाज काढतो, म्हणजे अर्धं काम त्या नटानं करून ठेवलेलं असतं. गजोधरला कोण ओळखत होतं? कानपूर-उन्नावकडच्या बोलीत बोलणारा, लग्नात ताटावर थरावर थर चढवणारा, पाहिलेला सिनेमा गावाला रंगवून सांगणारा हा माणूस राजूनं मंचावर उभा केला. त्याच्या गोष्टींत माणसंच काय, जनावरं आणि वस्तूही बोलतात. चुटका सांगून संपतो. इथे शेवटी पंच आला नाही तरी चालतं, कारण हशा आधीच वसूल झालेला असतो. भारूड आणि बतावणी ऐकत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

स्पर्धेत तो तिसरा आला. पहिला आला आपल्या हिंगणघाटचा सुनील पाल, ‘रतन नूरा’ नावाचा दारुडा घेऊन. दुसरा एहसान कुरेशी. पण पुढे ‘चॅम्पियन्स’ पर्वात ‘किंग ऑफ कॉमेडी’ झाला तो राजूच.

(दृश्य: केबलच्या वायरींचं जाळं. दुकानातले टीव्ही, सगळ्यांवर हास्याचे कार्यक्रम.)

आणि मग चरक सुरू झाला. हिंदी बातम्यांची चॅनेल्ससुद्धा दुपारी लाफ्टरचे तुकडे दाखवायची. खाली मथळ्यांची पट्टी, वर गजोधर. नवं चॅनेल, नवा कार्यक्रम, माणसं तीच. २००९ मध्ये ‘बिग बॉस’, २०१३ मध्ये बायकोसोबत ‘नच बलिये’. ऊस चरकात तिसऱ्यांदा घातला की रस येत नाही, चोयट्या येतात. ऑर्केस्ट्रात एक आयटम वर्षभर पुरायचा, कारण गाव रोज बदलायचं. टीव्हीवर गाव एकच. सकाळी ऐकलेलं रात्री पुन्हा ऐकणाऱ्यांनी ‘तेच तेच करतो’ म्हणायला सुरुवात केली. खरं होतं ते. पण तेच तेच दाखवत कोण होतं, हेही विचारायला हवं.

(दृश्य: वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून कॅमेरा सरकतो.)

पुढचं थोडक्यात, कारण चित्रीकरण आमच्याकडे नाही. २०१४ मध्ये समाजवादी पक्षानं कानपूरमधून लोकसभेचं तिकीट दिलं, ते त्यानं परत केलं आणि त्याच मार्चमध्ये तो भाजपमध्ये गेला. नंतर उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेचं अध्यक्षपद. त्याच लाफ्टर चॅलेंजमधला भगवंत मान २०२२ च्या मार्चमध्ये पंजाबचा मुख्यमंत्री झाला. तिसऱ्या पर्वाचा विजेता कपिल शर्मा तर तोवर स्वतःच एक चॅनेल झाल्यासारखा होता.

(दृश्य: दिल्ली, एम्सचं प्रवेशद्वार. रात्र.)

१० ऑगस्ट २०२२. दिल्लीत जिममध्ये व्यायाम करताना राजू कोसळला. ४२ दिवस एम्समध्ये. २१ सप्टेंबरला गेला. वय ५८.

(इथे निवेदन नाही. लोकलची क्लिप पुन्हा, आवाज बंद. बारा सेकंद.)

(दृश्य: पुन्हा नाट्यगृह, विंग. गायिका अजून तयार नाही. निवेदक आत येऊन दोन बोटं दाखवतो. विंगेतला तरुण पोरगा पाण्याची बाटली खाली ठेवतो, शर्ट नीट करतो.)

दोन मिनिटं सांगितलीत. दहा लागणार, हे त्याला माहीत आहे.

(तो प्रकाशात जातो. मागच्या रांगेतली काही माणसं चहासाठी उठतायत.)