तळ्यातले पाणी जाते कोठे?

नमस्कार श्रोतेहो.

सोलापूर परिसरात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. पण तो मुख्यतः जमिनीच्या भेगांतून पसरला, म्हणून ज्वालामुखीच्या मुखात साचलेली तळी आपल्याकडे नाहीत. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा पर्वताने पोटातला शिलारस ओकून टाकला, आधार गेलेले शिखर आत खचले आणि त्या खळग्यात पाऊस व बर्फाचे पाणी साचून ५९४ मीटर खोल ‘क्रेटर लेक’ तयार झाले. त्यात नदी येत नाही, त्यातून नदी जात नाही, तरीही पाणी गोडे आहे, कारण ते सतत झिरपून बाहेर पडते. हे झिरपणे कृपया ध्यानात ठेवावे.

आता लोणार. ते ज्वालामुखीचे मुख आहे असे पूर्वी मानत. प्रत्यक्षात तो उल्कापाताने बेसाल्टमध्ये, म्हणजे त्याच काळ्या पाषाणात, पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आहे. अनेक वर्षांपूर्वी मी आईला तेथे घेऊन गेलो होतो. वरच्या ‘धारे’च्या, म्हणजे काठावरच्या झऱ्याच्या, पाण्यात तिने हळदीची बोटे बुडवली, तेव्हा पिवळेपणा तसाच राहिला. मग आम्ही खाली उतरलो, कमळजादेवीला हळदकुंकू वाहिले आणि तिने सरोवरात हात धुतले, तो बोटे लालसर झाली! आई क्षणभर थबकली आणि म्हणाली, “अरे, हळदीत चुना घातल्यासारखं झालं की!” हळदीचे कुंकू कसे होते, हे श्रोत्यांना सांगायला नकोच. तिचा अंदाज जवळजवळ बरोबर होता, फक्त येथे चुन्याऐवजी पापडखाराच्या जातीचा सोडा होता. शालेय सहली वॉटर पार्कऐवजी अशा काठांवर न्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. एका बोटावर तेथे अख्खे रसायनशास्त्र शिकता येते.

धारेचे पाणी गोडे आणि सरोवराचे खारे, असे का? झरे आणि पाऊस खडकातले क्षार विरघळवून थोडे थोडे आत आणतात; पाणी वाफ होऊन निघून जाते, क्षार मात्र मागे राहतात. पुन्हा सांगतो, पाणी जाते, क्षार राहतात. क्रेटर लेकमध्ये झिरपणाऱ्या पाण्याबरोबर क्षारही बाहेर पडतात.

सोलापूरला परतल्यावर आईने आमच्या विहिरीच्या पाण्यात हळद कालवून पाहिली. ती पिवळीच राहिली. खडक तोच काळा पाषाण होता, पण त्याच्या भेगांतून आमच्या विहिरीचे पाणी पुढे सरकत होते.