मिनिमल इन्स्टॉल करताना नेक्स्ट मारायची घाई करू नका

नमस्कार मंडळी! ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना मधेच एक स्क्रीन येते ना, काय काय सॉफ्टवेअर हवंय ते विचारणारी, जिच्यावर बहुतेक जण न वाचता नेक्स्ट मारून मोकळे होतात, आज फक्त त्या स्क्रीनबद्दल बोलायचंय. कारण पुढची दोन-चार वर्षं तुमच्या मशीनवर काय नांदणार ते बऱ्यापैकी तिथेच ठरतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मिनिमल, म्हणजे गरजेपुरतंच इन्स्टॉल, कशाला, तर जागा वाचते, असं सगळे सांगतात. वाचते की, पण आजच्या एसएसडीवर दोन-तीन जीबीने कुणाचं काय अडतंय? खरा मुद्दा वेगळाच आहे. जे पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) टाकलंत त्याचे अपडेट आले, त्यातल्या काही पॅकेजेसच्या सर्व्हिस बॅकग्राउंडला चालू राहतात, आणि त्यातल्या काही चक्क नेटवर्कवर कान लावून बसतात. सप्टेंबर 2024 मध्ये लिनक्सच्या प्रिंटिंग सिस्टिममधले बग बाहेर आले होते ते आठवतंय का? कप्स-ब्राउझ्ड नावाची सर्व्हिस यूडीपी पोर्ट 631 वर कुणाचंही ऐकून घेत होती, बाहेरचा माणूस तिच्यामार्फत खोटा प्रिंटर घुसवू शकत होता आणि मग त्या प्रिंटरवर कुणी प्रिंट दिली की त्या बाहेरच्या माणसाची कमांड चालणार. आता ज्या सर्व्हरला जन्मात प्रिंटर लागणार नाही त्यावर ही सर्व्हिस कशाला? ज्यांच्याकडे ती नव्हतीच ते त्या दिवशी निवांत होते.

चला, डेबियन या लिनक्सपासून सुरू करू, तिथे हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. नेटइन्स्ट आयएसओ, म्हणजे बाकीची पॅकेजेस नेटवरून ओढणारी छोटी इन्स्टॉल फाइल, घ्यायची. शेवटाकडे टास्कसेलची, म्हणजे काय काय सॉफ्टवेअर हवंय ते विचारणारी, यादी येते.

(स्क्रीनवर: टास्कसेलची यादी)

हे बघा, वरती डेबियन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट आणि ग्नोम नावाचा डेस्कटॉप, दोन्हींवर आधीच खूण केलेली असते, ती स्पेसबारने काढायची, एंटर दाबायचं नाही, एंटर दाबलं की गाडी थेट पुढे जाते आणि ग्नोम उतरायला लागतं 😅 सर्व्हर असेल तर एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायला) आणि खालचं स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज एवढंच ठेवा. अजून एक गंमत, जी यादीच्या खूप आधी घडते: रूटचा, म्हणजे मुख्य ॲडमिनचा, पासवर्ड विचारतो तेव्हा तो दिलात तर सुडो (साध्या युजरला ॲडमिनच्या कमांड चालवू देणारं टूल) इन्स्टॉलच होत नाही, रिकामा सोडलात तर सुडो येतं आणि तुमच्या युजरला त्याचा हक्क मिळतो. मग लोक विचारतात, सुडो कमांड नॉट फाउंड का येतंय. म्हणून येतंय!

बरं, इथे काम संपत नाही. डेबियनचा पॅकेज टाकणारा प्रोग्रॅम एपीटी बाय डीफॉल्ट रेकमेंडेड पॅकेजेससुद्धा ओढून आणतं, म्हणजे तुम्ही एक मागता आणि त्याचं अख्खं गणगोत दारात उभं. त्यासाठी हा पर्याय, डॅश डॅश नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स. फेडोरा लिनक्सच्या डीएनएफमध्ये याच कामाला इन्स्टॉल-वीक-डेप्स फॉल्स करतात. पण डेस्कटॉपवर हे डोळे मिटून वापरू नका हां, कारण रेकमेंडेडमध्ये कधी कधी खरंच गरजेचं असतं, आवाज येत नाही, थंबनेल दिसत नाहीत आणि कारण सापडता सापडत नाही. डेस्कटॉपसाठी मला मधला रस्ता आवडतो: आधी नुसती बेस सिस्टिम आणि त्यावर छोटं मेटापॅकेज, म्हणजे बाकीची पॅकेजेस एकत्र आणणारं यादीवजा पॅकेज. केडीई या डेस्कटॉपचं बघा, केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप, केडीई-स्टँडर्ड, केडीई-फुल अशा चढत्या पायऱ्याच आहेत, पहिली घ्या. ग्नोम हवं तर ग्नोम-कोअर. आधी सगळं टाकून मग एकेक काढत बसणं हा उलटा उद्योग आहे, एखादं ॲप काढायला गेलात की मेटापॅकेजही जातं आणि ऑटोरिमूव्ह, म्हणजे आता कुणाला नको असलेली पॅकेजेस काढणारी कमांड, अर्धा डेस्कटॉप काढू का म्हणून विचारतं.

उबुंटूने मात्र बरीच वर्षं हाच उलटा उद्योग केला. 18.04 मध्ये मिनिमल पर्याय आला, पण इन्स्टॉलर आधी सगळं कॉपी करायचा आणि नंतर नको ती पॅकेजेस काढायचा. 23.10 पासून डेस्कटॉपला कमी सॉफ्टवेअरवालं इन्स्टॉल हेच डीफॉल्ट आहे, तरी फायरफॉक्स आणि स्नॅप (उबुंटूची स्वतःची पॅकेज पद्धत) येतातच, त्यामुळे नावावर जाऊ नका. उबुंटू सर्व्हरचं मिनिमाइझ्ड व्हर्जन तर खूपच कापलेलं असतं, मॅन पेजेस, म्हणजे कमांडची माहिती देणारी पानंसुद्धा नाहीत. ते मुळात जिथे माणूस लॉगिन करत नाही अशा मशीनसाठी आहे, तुम्ही स्वतः रोज एसएसएच करून काम करणार असाल तर साधं सर्व्हर इन्स्टॉलच घ्या.

आर्च लिनक्सवाल्यांना मी काय सांगणार, बेस, लिनक्स, लिनक्स-फर्मवेअर ही पॅकेजेस टाकली की झालं. फक्त रीबूटच्या आधी नेटवर्कमॅनेजर टाका आणि एनेबल करा, आयएसओवर नेट चाललं म्हणजे नव्या सिस्टिमवर चालेल असं नाही. अगदीच बारीक हवं असेल तर अल्पाइन लिनक्स, डिस्कवर साधारण 130 एमबीत मावतं, पण ते जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल वापरतं, त्यामुळे बाहेरून आणलेली तयार बायनरी चालेलच याची खात्री नाही.

आता विंडोज सर्व्हर. सर्व्हर कोअर, म्हणजे डेस्कटॉप नसलेलं इन्स्टॉल, 2008 पासून आहे. इन्स्टॉलरच्या यादीत स्टँडर्ड आणि स्टँडर्ड, कंसात डेस्कटॉप एक्स्पिरियन्स, असे दोन पर्याय दिसतात, घाईत पहिला निवडला जातो आणि लॉगिन केल्यावर समोर फक्त काळी खिडकी, ना स्टार्ट मेनू ना काही. आयएसओ खराब नाहीये, तुम्ही कोअर निवडलंय. 2012 मध्ये नंतर जीयूआय, म्हणजे खिडक्या-माउसवाला डेस्कटॉप, चढवता-उतरवता यायचा, 2016 पासून ती सोय गेली, म्हणजे मन बदललं तर पुन्हा इन्स्टॉल. एसकॉन्फिग हा सेटिंगचा मेनू आपोआप उघडला नसेल तर एसकॉन्फिग टाइप करा, नाव, आयपी, अपडेट, डोमेन सगळं तिथून होतं, बाकी कारभार दुसऱ्या मशीनवरून करायचा.

आणि लिनक्सचं इन्स्टॉल कुठलंही असो, पहिल्या बूटनंतर एसएस डॅश टीयूएलपीएन मारा, कुठले पोर्ट उघडे आहेत ते ही कमांड दाखवते. जे पोर्ट ऐकतंय ते कशामुळे हे सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर शोधा आणि बंद करा.

हे सगळं दर वेळी हाताने निवडायची गरज नाही बरं का. रेड हॅट आणि फेडोराचा इन्स्टॉलर तुमची निवड रूटच्या होम फोल्डरमध्ये ॲनाकोंडा-केएस डॉट सीएफजी म्हणून ठेवून जातो, उबुंटू सर्व्हर व्हार-लॉग-इन्स्टॉलरमध्ये ऑटोइन्स्टॉलची फाइल ठेवतो, पुढच्या मशीनला तीच द्यायची. फक्त पब्लिक गिट रेपोत टाकायच्या आधी उघडून बघा, आत पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून बनवलेलं सांकेतिक रूप) असतो.